पिशवीवाल्या बाईला काय दिसेल

मी नोकरीत नेमकं काय करते हे आमच्या घरात कुणालाच धड सांगता येत नाही, आणि यात घरच्यांचा दोष नाही. मुलगी इरा लहान असताना शाळेच्या फॉर्मवर आईच्या व्यवसायापुढे तिने इंग्रजीत नुसतं ‘समजावते’ असं लिहून ठेवलं होतं. बाईंनी फोन करून विचारलं, म्हणजे शिक्षिका का? मी म्हटलं, जवळपास. रियाधमधल्या मराठी कुटुंबांच्या कोजागरीला कुणी विचारलं तर आमच्या ह्यांचं उत्तर ठरलेलं असतं. “ही लांबलचक गोष्टी थोडक्यात करते, पगार घेऊन. घरी उलटं करते, ते फुकट.”

दिवाळीच्या फराळाबरोबर वाचायला तुम्ही हा अंक घेतला असेल, तर चकली हातात असू द्या. लेख लांबणार आहे. घरच्या सवयीने लिहिते आहे.

धंदा तसा साधा आहे. एखाद्या शहराला काहीतरी मोठं बांधायचं असतं: रस्ता, बंदर, बाजार, बाग. त्याचा प्रस्ताव इंजिनिअर लिहितात, वकील तपासतात आणि मग जाहिरातवाले त्याला पावडर लावतात. नंतर तो लोकांपुढे ठेवून हरकती-सूचना मागवायच्या असतात. पण तोवर त्याची भाषा अशी झालेली असते की हरकत घ्यायची तरी कशावर, हेच कळू नये. तिथे मी येते. एका परदेशी सल्लागार कंपनीच्या रियाधमधल्या छोट्या शाखेत मी अशा प्रस्तावांच्या सोप्या पुस्तिका लिहिते. मी इंग्रजीत लिहायचं, मग ज्या गावचं काम असेल त्या गावच्या भाषेत ते जायचं.

माझी कसोटी एकच. सकाळी पिशवी घेऊन भाजीला निघालेली बाई त्या जागी येऊन उभी राहिली, तर तिला डोळ्यांनी काय दिसेल? दिसेल ते लिहायचं. दिसणार नाही ते इंजिनिअरला परत पाठवायचं. ही बाई मी कल्पनेतून निर्माण केली असं म्हणायला मला आवडतं, पण ती माझी सासू आहे. चिपळूणला पूररेषेची नोटीस आली होती. मी ती मोठ्या ऐटीत वाचून दाखवली, तेव्हा हातातली पिशवीही खाली न ठेवता त्या म्हणाल्या, “ते सगळं राहू दे गं. आपल्या पायरीला पाणी लागणार की नाही तेवढं सांग.” मला सांगता आलं नाही. त्या दिवसापासून मी त्यांच्यासाठीच लिहिते आहे. ऑफिसात सगळे या बाईला ओळखतात. मीटिंगमध्ये एखादं वाक्य फार फुगलं की कुणीतरी विचारतंच, “पिशवीवाली बाई काय म्हणते?”

एका साध्या वाक्यात काय ताकद असते, हे मी पहिल्यांदा ताइफला पाहिलं. ताइफ डोंगरातलं, गुलाबांचं गाव. तिथे एक रस्ता रुंद करायचा होता. अहवालात लिहिलं होतं, ‘विद्यमान हरित आच्छादनाचं सुयोग्य पुनर्नियोजन’. मी इंजिनिअरच्या इतकी मागे लागले की शेवटी तो वैतागून म्हणाला, “गुलाब उपटणार, मॅडम, गुलाब.” मी तेच लिहिलं. आमची साहेब नूरा, तिने त्याचं अरबी केलं: रस्त्यालगतची गुलाबाची झाडं उपटली जातील.

सुनावणीत मागच्या खुर्चीवरून एक म्हातारे शेतकरी उठले आणि त्यांनी विचारलं, “हे कुणी लिहिलं?” नूराने बोट माझ्याकडे केलं. मी फायलीमागे लपायचा प्रयत्न केला, पण माझ्या आकारमानाला पुरेल एवढी फाइल अजून निघालेली नाही. म्हातारबाबा म्हणाले, “गेल्या वर्षापासून ही मुलं मला हेच सांगताहेत. मी दर वेळी माशाल्ला, फार छान म्हटलं आणि त्यांना कॉफी पाजली.” सगळे हसले. ते हसले नाहीत. मग त्यांनी जे बोलायला सुरुवात केली, ते झाड न् झाड नावानिशी. आजोबांनी लावलेलं कुठलं, बायकोच्या माहेरून आलेलं कुठलं. रस्ता शेवटी पलीकडच्या खडकाच्या बाजूने वाढवला. माणूस तोच, खुर्ची तीच, रस्ताही तोच. वाक्य बदललं आणि माणसाला तोंड फुटलं. निघताना त्यांनी दिलेल्या पाकळ्या अजून माझ्या पैठणीत आहेत. पैठणी आता मला होत नाही, म्हणून पाकळ्या सुखात आहेत.

आता ज्या गोष्टीसाठी लिहायला बसले ती सांगते.

नूरा माझी साहेब असली तरी वयाने माझ्याहून बरीच लहान. इमारतींच्या आतली रचना शिकलेली, बोलायला तुटक, मनाने मऊ. शेजारच्या टेबलावर मारिवेल बसते. ती फिलिपिन्समधल्या एका छोट्या बंदराच्या शहरातली. पुस्तिकांची मांडणी ती करते, चित्रं ती काढते. तिच्या शहराचं नाव लिहायचं नाही अशी तिच्या आईची सक्त ताकीद आहे, आणि तिच्या आईची ताकीद मोडायची माझी हिंमत नाही. आईला त्यांच्या भाषेत नानाय म्हणतात. निवृत्त मुख्याध्यापिका. रोज जेवणाच्या सुट्टीत त्या मारिवेलच्या फोनवर उगवतात आणि आम्हा दोघींचे डबे तपासतात.

“आज काय, माधवी?” त्या मला नावाने हाक मारतात. माहेर सोडल्यापासून मोठ्या वयाच्या कुणी मला अशी हाक मारलेली नाही.

“वरणभात, नानाय.”

“हाताने खातेयस ना? शाबास. माझी मुलगी वाळवंटात जाऊन चमच्याने खायला लागली.”

नानायचं घर समुद्राच्या भिंतीला लागून, पहिल्या रांगेत. त्या रांगेपुढच्या किनाऱ्यावर एक मोठं काम येणार होतं आणि त्याची पुस्तिका करायचं काम आमच्या मुख्य कार्यालयाने रियाधला पाठवलं. मारिवेलने ते काम मागून घेतलं. स्वतःच्या गावाची पुस्तिका आपण करायची याचं तिला केवढं कौतुक.

प्रस्ताव जाडजूड होता. ‘एकात्मिक मनोरंजन संकुल’. ‘कुटुंबस्नेही मोकळी जागा’. ‘प्रौढांसाठी विशेष विरंगुळा दालन, टेबलांच्या सुविधेसह’.

आता तुम्ही रियाधमध्ये बसला आहात अशी कल्पना करा. मनोरंजन हा शब्द आमच्या शहराला अलीकडेच मिळाला आहे आणि शहर तो नव्या कपड्यासारखा मिरवतंय. मनोरंजन म्हणजे आमच्याकडे दिव्यांच्या कमानी, कारंजी, बाबागाड्यांची रांग, हिरवळीवर चटई टाकून थर्मासमधला चहा पिणारी कुटुंबं. दुसरं काही असूच शकत नाही. शब्दाचा अर्थ कोशात सापडतो असं आपण म्हणतो, पण शब्द ज्या गावात राहायला येतो तिथलेच कपडे घालतो. आम्ही आमच्या गावचे कपडे घालून तो प्रस्ताव वाचला.

“प्रौढांसाठी दालन म्हणजे?” मारिवेलने विचारलं.

“पूर्वी हॉटेलात फॅमिली सेक्शन वेगळं आणि सिंगल्स वेगळं असायचं ना, तसं,” नूरा म्हणाली. “पुरुष बसतील, फुटबॉल बघतील.”

“आणि टेबलं?”

“बलूत खेळायला.” बलूत हा इथला पत्त्यांचा लाडका डाव. पैसे न लावता भांडणापर्यंत नेतात, इतका लाडका. “नाहीतर कॅरम.”

“इतकी टेबलं?”

“अगं, आमच्याकडे लग्नात लागतात याहून जास्त,” मी म्हटलं. मी फार अनुभवी.

तर अशी आमची पुस्तिका झाली. नूराने त्यात सावलीची झाडं आणि बाबागाडी ढकलायला सपाट वाट घातली. मारिवेलने समुद्राकडे तोंड केलेला बाक काढला, त्यावर बसलेल्या बाईचा चष्मा नानायच्या चष्म्यासारखा. मी ‘कुटुंबस्नेही मोकळी जागा’ खोडून ‘मुलांसाठी झोपाळे’ लिहिलं, कारण पिशवीवाल्या बाईला मोकळी जागा दिसत नाही, झोपाळा दिसतो. मुख्य कार्यालयाकडे पुस्तिका गेली, प्रवर्तकांकडे, म्हणजे ते संकुल बांधणाऱ्यांकडे गेली. कुणी एक शब्द बदलला नाही. आम्हाला वाटलं, आपलं काम उत्तम झालं. त्यांना काय वाटलं ते आता कळतं. इतक्या मनापासून पावडर लावणारं माणूस त्यांना शोधूनही मिळालं नसतं.

पुस्तिका गावात पोचली आणि नानाय कामाला लागल्या. पहिल्या रांगेतली घरं हटवून लोकांना मागे, टेकडीकडे घरं द्यायची होती. त्यासाठी प्रत्येक घराची संमती हवी. नानायने आपल्या संमतीपत्रावर पहिली सही केली आणि मग दारोदार फिरल्या. त्या रांगेतली अर्धी माणसं त्यांच्या हाताखाली शिकलेली. फोनवर आम्हाला बातम्या मिळत.

“जोसेलीन नाही म्हणत होती. मी म्हटलं, हे बघ, झोपाळे. माझ्या मुलीच्या ऑफिसने लिहिलंय. केली सही.” त्यांनी कागदांचा गठ्ठा कॅमेऱ्यापुढे हलवला. “सुनावणीच्या दिवशी मी स्वतः नेऊन देणार. सगळे एकदम.”

मारिवेल अभिमानाने माझ्याकडे बघत होती. मीही तिच्याकडे तशीच.

पुढच्या टप्प्यात आतल्या रचनेचे नकाशे आले. त्यांना ओळी द्यायच्या होत्या: हे दार, ही वाट, ही खिडकी. मी सवयीने पिशवीवाल्या बाईला घेऊन प्रौढांच्या दालनात शिरले आणि आम्ही दोघी तिथेच अडकलो. मी नकाशा फिरवून फिरवून पाहिला. मग नूराकडे गेले.

“समुद्रकिनाऱ्यावरची इमारत,” मी म्हटलं, “आणि हिला समुद्राकडे एकही खिडकी कशी नाही?”

नूराने नकाशा घेतला. ती वाचायला शिकली ती भाषा हीच. तिचं बोट भिंतीवरून फिरलं, दाराशी थांबलं, छतातल्या कॅमेऱ्यांच्या खुणांवरून गेलं, आतल्या बाजूच्या, गजांच्या आडून पैसे द्यायघ्यायच्या छोट्या खिडक्यांपाशी आलं. तिथे ते थांबलं. मग ती हळू म्हणाली, “वडिलांबरोबर एकदा परदेशात एका हॉटेलात उतरले होते. लिफ्टपर्यंत जायला अशा एका दालनातून जावं लागायचं. बाहेर दिवस आहे की रात्र, आत कळायचं नाही. बाबा माझ्या डोळ्यांवर हात ठेवून न्यायचे.” तिने नकाशा पालथा ठेवला. “अस्तग्फिरुल्ला, देव क्षमा करो. माधवी, हा कॅसिनो आहे.”

मारिवेल आमच्या मागे उभी होती, हे आम्हाला तिने खुर्ची धरली तेव्हा कळलं.

“नानायला सांगायला हवं,” ती म्हणाली. मग म्हणाली, “नाही. आधी मला बसू दे.”

मी या देशात बरीच वर्षं आहे. इथे तो शब्द ऑफिसात उच्चारायची वेळच येत नाही. नूराने तो दोनदा उच्चारला नाही. ती म्हणाली, “हे काम माझ्या ऑफिसचं नाही. आजच परत पाठवते. खलास.”

“परत पाठवलं तर काय होईल, मॅम?” मारिवेलने विचारलं. “आपले हात स्वच्छ होतील. गावात आपलीच पुस्तिका राहील. बाक, झाडं, झोपाळे. आणि माझी आई ती घेऊन फिरत राहील.”

मग नूराने मुख्य कार्यालयाला फोन लावला, आम्हाला ऐकू येईल असा. तिकडचे गृहस्थ फार सभ्य होते. पुस्तिकेत तो शब्द घालू नका म्हणाले. त्या शब्दाने वातावरण तापतं, लोक भावनेच्या आहारी जातात, चर्चा नीट होत नाही. मान्य शब्दांची यादी आहे, त्यातला वापरा.

“एक विचारू?” नूरा म्हणाली. “तुम्ही आपापसात त्या दालनाला काय म्हणता?”

“आपापसात तर... कॅसिनोच म्हणतो.”

“म्हणजे तुमचं वातावरण तापत नाही,” नूरा म्हणाली आणि फोन ठेवला.

त्या दुपारी माझा डबा तसाच राहिला, यावरून प्रसंगाची कल्पना यावी. मी नूराला म्हटलं, “गोड शब्दांचं म्हणशील तर आमच्याइतके पटाईत कोणी नाही. आमच्याकडे दुकान बंद करत नाहीत, वाढवतात. बांगडी फुटत नाही, वाढते. घरातून निघताना जाते म्हणायचं नाही, येते म्हणायचं. मी नवऱ्याचं नावसुद्धा उखाण्याशिवाय घेत नाही.”

“मग तू त्यांच्या बाजूची?”

“तेच तर सकाळपासून स्वतःला विचारतेय. पण बघ, दुकान वाढवलं म्हटलं की गिऱ्हाईक पायरीवर थांबून राहत नाही. त्याला कळतं, बंद झालं, घरी जावं. मी येते म्हणाले तर सासूबाई माझ्यासाठी ताट मांडून बसत नाहीत. आम्ही गोड बोलतो ते दोघांनाही खरं माहीत असताना. इथे खरं एकालाच माहीत आहे. दुसरी गठ्ठा घेऊन दारोदार फिरतेय.”

नूरा थर्मासच्या झाकणाशी खेळत होती. “माझी आजी कॅन्सरला ‘तो’ म्हणायची,” ती म्हणाली. “पण ‘तो’ कोण, ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं.” मग उठली. “लिही. तुझ्या बाईला घेऊन आत जा आणि दिसेल ते सगळं लिही. ज्या शब्दाने आपल्याला लाज वाटते, तो पहिल्या ओळीत. सही माझी.”

त्या नगरपालिकेचा एक नियम होता: लोकांना दिलेल्या पुस्तिकेत चूक निघाली, तर सुनावणीच्या आधी शुद्धिपत्रक लावलंच पाहिजे. नियम मारिवेलने शोधला. मुख्य कार्यालयाला तो नाकारता आला नाही. मी एक पान लिहिलं. नोकरीत लिहिलेल्या सगळ्या पानांत तेवढं एक मला पाठ आहे.

‘या इमारतीत कॅसिनो असेल. कॅसिनो म्हणजे पैसे लावून जुगार खेळण्याची जागा. ती दिवसरात्र उघडी राहील. तिला खिडक्या नसतील. समुद्राच्या भिंतीकडच्या घरांची पहिली रांग हटवली जाईल. लोकांना नोकऱ्या मिळतील असं प्रस्तावात म्हटलं आहे. कुणाला आणि कोणत्या, ते म्हटलेलं नाही. झोपाळे बांधण्याचा प्रस्ताव नाही.’

नूराचं म्हणणं पडलं की नोकऱ्यांचं वाक्य ठेवायचंच. आपल्याला आवडत नाही म्हणून ते गाळलं तर आपणही पावडरच लावली. मारिवेलने स्वतःच्या भाषेत ते पान केलं, सगळ्यात आधी आईला पाठवलं आणि फोन हातात धरून बसली. नानायचा फोन त्या दिवशी आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. जेवणाच्या सुट्टीत आमचे डबे कुणी तपासले नाहीत.

सुनावणी तिकडे दुपारी होती, इकडे आम्ही नुकत्याच ऑफिसात पोचलो होतो. नगरपालिकेने ती लोकांना फोनवर बघायची सोय केली होती. आम्ही तिघी मीटिंगच्या खोलीत पडद्यापुढे बसलो. मारिवेल एकेक वाक्य आम्हाला समजावत होती. माझा धंदा त्या दिवशी तिने केला.

आधी प्रवर्तकांचा माणूस बोलला. गतिमान किनारा, जागतिक दर्जा, नवी ओळख. लोक पंख्याने वारा घेत ऐकत होते. दोघेतिघे विरोधात बोलले, तेही त्याच्याच भाषेत: पर्यावरणीय समतोल, सामाजिक मूल्यं. दोन्हीकडचे एकाच शिंप्याचे कपडे घालून आल्यासारखे. मग नानाय उठल्या. हातात गठ्ठा. कुणीतरी मागून टोमणा मारला. मारिवेलने तो आम्हाला सांगितला नाही, नंतर सांगितला: “बाईंचे झोपाळे आले.”

नानायने भाषण केलं नाही. त्यांनी चष्मा लावला आणि शुद्धिपत्रक वाचलं. पहिल्या ओळीतला तो शब्द त्यांनी वर्गात फळ्यावरचा शब्द वाचावा तसा, सुटा सुटा, मोठ्याने वाचला. पंखे थांबले. शेवटच्या ओळीपर्यंत त्या वाचत गेल्या, झोपाळ्यांसकट. मग म्हणाल्या, “मी तुमच्या दारात आले तेव्हा माझ्या हातात दुसरा कागद होता. तो वाचून तुम्ही सह्या केल्यात. त्या सह्या या कागदावर चालत नाहीत. ज्याची त्याने घेऊन जा.”

आणि त्यांनी हजेरी घ्यायला सुरुवात केली.

खरंच सांगते, हजेरी. एकेक नाव, आडनावासकट, शाळेतल्या सुरात. पहिलं नाव पुकारलं. मग मागून एक पिकल्या केसांचा, उघड्या दंडांचा कोळी उभा राहिला आणि म्हणाला, “हजर, मॅम.” पुढे आला, आपला कागद घेतला, खाली मान घालून जागेवर गेला. दुसरं नाव. “हजर, मॅम.” बायका, म्हातारे, पोरं कडेवर घेतलेल्या आया. सगळं सभागृह उठत होतं, बसत होतं, हजर म्हणत होतं. टोमणा मारणाऱ्याचंही नाव आलं. तोही हजर म्हणाला. मी आयुष्यभर शब्दांची कामं केली. माणसांना त्यांची सही परत देताना मी कधी पाहिलं नव्हतं.

त्यानंतर जी चर्चा झाली तिच्यात गतिमान किनारा पुन्हा कुणी काढला नाही. प्रवर्तकांच्या माणसानेही नाही. एकाने कोंबड्यांच्या झुंजीत होडी घालवलेल्या बापाची हकिकत सांगितली. एक तरुण उठला, त्याने आपला कागद सगळ्यांसमोर नगरपालिकेच्या संमतीपत्रांच्या पेटीत टाकला आणि म्हणाला, “जुगार आहे, कळलं. मला नोकरी हवी आहे. आता कळून टाकतोय.” त्याला कुणी हिणवलं नाही. मग ती जोसेलीन उठली, पहिल्यांदा नाही म्हणणारी.

“मॅम, माझा मुलगा सौदीत दम्मामला आहे. तुमची मारिवेल रियाधला. इथे काम असतं तर दोघं इथे असती. कॅसिनोत का होईना. तुम्हाला नको आहे का मारिवेल परत?”

मारिवेलने हे वाक्य आम्हाला सांगितलं आणि पुढचं सांगायचं विसरली. पडद्यावर नानाय उभ्या होत्या. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. आम्हाला कळत नव्हतं, पण विचारायची छाती कुणाला होती? त्या काय म्हणाल्या ते मारिवेलने नंतर सांगितलं, सावकाश.

“हवी आहे. रोज हवी आहे. ती तिथे कामाला आली तर मी तिला डबा नेऊन देईन. पण कुठे निघालात म्हणून रस्त्यात कुणी विचारलं, तर मी त्या जागेचं खरं नाव सांगेन. तेवढं मला सांगता आलं पाहिजे.”

नूरा उठून खिडकीपाशी गेली. आमच्या खिडकीतून बांधकामाच्या क्रेन दिसतात, त्यांच्या खाली एक नवी बाग. ती तिकडे बघत राहिली.

निकाल त्या दिवशी लागला नाही. पहिल्या रांगेतल्या सगळ्यांनी पुन्हा सह्या दिल्या नाहीत, म्हणून ते काम आजवर थांबलेलं आहे. थांबलेलं म्हणते, रद्द नाही. मुख्य कार्यालयाने आम्हाला तसलं काम पुन्हा दिलं नाही. त्यांचा गोड स्वभाव बघता आमच्यावर रागावले की काय, ते कळायला मार्ग नाही. प्रवर्तक नवा प्रस्ताव घेऊन आलेत असं ऐकते. त्यात संकुल नाही, ‘सागरी आदरातिथ्य केंद्र’ आहे. नानायने म्हणे नगरपालिकेत जाऊन एकच प्रश्न विचारला, “खिडक्या आहेत का?”

मी घरी ही गोष्ट सांगितली तेव्हा इरा म्हणाली, “सो यू गाइज ॲक्सिडेंटली टोल्ड द ट्रुथ.” आमचे हे म्हणाले, “आणि तेही एका पानात. घरी कधी जमणार?” मला त्या सभागृहातले ‘हजर’ ऐकू येत होते.

सुनावणीनंतर आठवडाभराने जेवणाच्या सुट्टीत नानायचा फोन आला. आधी डबे पाहिले. मग म्हणाल्या, “माधवी, ते झोपाळे तू लिहिले होतेस ना?”

मी मान खाली घालून हो म्हटलं.

“हं,” एवढंच म्हणाल्या आणि मारिवेलला चमच्यावरून रागावल्या.

परवा मारिवेलने मला एक फोटो दाखवला. समुद्राची भिंत, तिच्यामागे घरांची पहिली रांग, जिथल्या तिथे. भिंतीजवळच्या दोन माडांना होडीचा जाड दोर बांधून, फळी घालून, कुणीतरी झोपाळा केलेला. त्यावर तो पिकल्या केसांचा कोळी बसलाय, पाय हवेत. बाजूला रांग आहे. रांगेत दोन मुलं, जोसेलीन आणि सगळ्यांत शेवटी, भाजीची पिशवी हातात घेऊन, आपला नंबर यायची वाट बघत नानाय उभ्या आहेत.